वरचं वांगं

"पदवी पक्की हाय, जुडी ढिली हाय."

जिजीनं माझ्याबद्दल काढलेलं हे पहिलं वाक्य. मी बी.एस्सी. ॲग्री, फर्स्ट क्लास. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. माझ्या बापानं जानेफळच्या आसपास चार शाळांच्या भिंती बांधल्या, पण तो स्वतः आत बसला चौथीपर्यंतच. त्यामुळे ते सर्टिफिकेट मी प्लास्टिकच्या फाइलमध्ये घालून, दोन्ही हातांनी धरून, धाडजवळच्या त्या मळ्यात नोकरी मागायला गेले होते. जिजीनं फाइल उघडली, सरळ पाहिली, उलटी पाहिली, मग पायाशी पडलेला कोथिंबिरीचा ढीग माझ्यापुढे सरकवला.

"बांध एक जुडी."

मी बांधली. तिनं ती उचलून एकदाच झटकली. सगळी कोथिंबीर माझ्या नव्या चपलांवर. तेव्हा ते वाक्य आलं. मला राग आला, खोटं कशाला सांगू. पण मी खाली बसले आणि ती जुडी पुन्हा बांधली, पुन्हा ढिली झाली, पुन्हा बांधली. सातव्या खेपेला जिजीनं झटकली तर एक काडीही पडली नाही. "उद्यापासून ये," ती म्हणाली, "अन् ते कागद घरी ठेव. इथं पानी लागते साऱ्याले."

तिचं खरं नाव मला माहीत आहे, पण ते लिहिलं तर तीच ओळखणार नाही. धाडपासून बुलढाण्यापर्यंत सगळे तिला जिजीच म्हणायचे. तीन एकर मळा, एक विहीर, आणि बुलढाणा शहरातली चाळीस घरं. ही चाळीस घरं मळ्याची सभासद. हंगाम सुरू होताना पैसे भरायचे, आणि मग दर शनिवारी मळ्यात जे निघेल त्याची एक कापडी पिशवी घरपोच. काय हवं ते सांगायचं नाही. जास्त निघालं तर पिशवी जड, कमी निघालं तर हलकी. मळ्यात कायमची माणसं आम्ही चारच. जिजी, मी, निंदणी-तोडणीला रमाबाई, आणि लोडिंग रिक्षा चालवणारा गजानन. रमाबाईचं तोंड विळ्यापेक्षा धारदार होतं, आणि गजानन इतका सरळ होता की कुणी "कसा आहेस?" विचारलं तर विचार करून उत्तर द्यायचा.

जिजी साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट घालायची. शेतात काम करणाऱ्या बाया घालतातच, त्यात नवल नाही. नवल होतं ते खिशाचं. त्या खिशात बियाणं असायचं, सुतळी असायची, आणि एक लोखंडी शिट्टी, खेळाच्या मास्तरांकडे असते तशी. एकदा शर्ट ओलाच दोरीवर राहिला, तर तिसऱ्या दिवशी खिशातून घेवड्याचे दोन कोंब बाहेर डोकावत होते. जिजीनं तो शर्ट आठवडाभर धुतला नाही. "त्याईले जागा आवडली," म्हणे.

शिट्टी कामावर बोलवायला नव्हती. ती वाजायची फक्त एका कारणासाठी, मळ्यात काही पहिल्यांदा झालं की. भेंडीचं पहिलं फूल, काकडीचं पहिलं बोटभर पिल्लू, मिरचीवर आलेला पहिला लाल ठिपका. जिथे असाल तिथून, हातातलं टाकून, पळत यायचं. रमाबाई एकदा जेवणाच्या डब्यासकट पळाली होती. आम्ही धापा टाकत पोचलो की जिजी वाफ्यात उकिडवी बसलेली, बोट दाखवून म्हणायची, "पाहा! पाहा बे गजानन! कसं लाजून राह्यलं!" ती पासष्ट वर्षांची बाई, पन्नास वर्षं भेंडी लावत आलेली, आणि दर साली त्या पिवळ्या फुलाकडे अशी पाहायची जशी भेंडीला फूल येतं हे जगात तिलाच आज कळलं. पहिल्या वेळी मला हसू आलं. अभ्यासक्रमात फुलोऱ्याची अवस्था म्हणून आम्ही हेच पाठ केलं होतं. चौथ्या-पाचव्या वेळी मी सगळ्यांच्या पुढे पळत होते.

सभासद करून घ्यायची तिची रीत तर कुठल्याच पुस्तकात नाही. ती आधी त्या घरी जायची, सरळ स्वयंपाकघरात शिरायची आणि विचारायची, "दोडक्याच्या शिरांचं काय करता?"

चटणी करतो म्हणाले तर सभासद. टाकून देतो म्हणाले तर रामराम. एका मोठ्या कचेरीतल्या साहेबांनी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आम्ही साल काढूनच घेतो हो, कचऱ्यात." जिजी चहा अर्धा ठेवून उठली. मी बाहेर येऊन म्हटलं, "जिजी, एवढे मोठे साहेब, त्यांच्या ओळखीनं दहा घरं आली असती." ती म्हणाली, "ज्याले शिरा टाकवते, त्याले मानूस बी टाकवते." पंधरा दिवसांनी साहेब स्वतः मळ्यात हजर. हातात छोटा डबा. डब्यात दोडक्याच्या शिरांची चटणी, तीळ घालून, थोडी करपलेली. "मी केली," ते म्हणाले. जिजीनं चिमूटभर तोंडात टाकली, डोळे मिटले. "करपली. पन शिकसान." साहेब त्या दिवसापासून सभासद.

माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, त्यांच्या चुली राहत. हे "दोडकेवाले साहेब". एक हेडमास्तरीणबाई होत्या, त्या "दोन शिट्टीवाली", कारण त्यांच्या कुकरच्या दोनच शिट्ट्या व्हायच्या आणि वरण कच्चं राहायचं, हे जिजीनं पहिल्याच भेटीत हेरलं होतं. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर "बिनतेलवाली".

पण जिजीची खरी खोड वेगळीच. आजही भाजीवाल्याकडे पाटीत वर चमकणारे टमाटे दिसले की मला ती आठवते.

पिशवी भरून झाली की सगळ्यात वर एक किडकं वांगं ठेवायचं. वांगं नसेल तर अळीनं जाळी केलेलं कोबीचं पान, वाकडं गाजर, डागाळलेला टमाटा. त्या दिवशीच्या तोडीतलं सगळ्यात वाईट जे असेल ते वर, दिसेल असं. आमच्याकडे त्याला "वरचं" म्हणत. गजानन रिक्षा सुरू करायच्या आधी जिजी शेवटचं विचारायची, "वरचं ठेवलं का साऱ्यात?"

मी सुरुवातीला भांडले. "जिजी, लोक पैसे भरतात. पिशवी उघडली की पहिलं किडकं दिसतं. मालाची मांडणी म्हणून एक शास्त्र असतं."

"शास्त्र मले येते," ती म्हणाली. "तीस वर्सं बाजारात बसली मी. चांगलं वर, वाईट खाली. गिऱ्हाईक हासत जाये. घरी जाऊन पाटी उपडी करे अन् मले शिव्या दे. मले इकडं भाकर खाता खाता उचकी लागे. रोज उचकी! आता वाईट वर ठेवते. शिवी द्यायची तं माह्या तोंडावर द्या. खाली गेलं की चांगलंच लागते. उचकी बंद झाली माही."

मला ते पटलं नव्हतं. मी ठेवायची, पण त्यातल्या त्यात बरं वांगं निवडून, किडका भाग खाली करून. जिजी येऊन ते पुन्हा फिरवायची.

त्या साली सगळंच अटीतटीचं झालं होतं. शेजारचं शेत जिजीच्या देराचं, म्हणजे दिराचं. त्याचं म्हणणं, हा भाजीचा खेळ पुरे, मळा माझ्याकडे द्या, सलग सोयाबीन पेरतो. कोबी सगळी अळीनं खाल्ली, पिशव्या हलक्या झाल्या आणि सभासद कुरकुरू लागले, तेव्हा तो विहिरीवर येऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "वैनी, लोकं कटाळले तुमच्या किडक्याले." जिजी तडकली. "फागुनातल्या पहिल्या रविवारी सारे सभासद मळ्यात येतात. पुढच्या हंगामाले तीस घरं झाले नाहीत, तं मळा तुमचा. बोलली मी." जिजी बोललेलं फिरवत नसे, हे देरालाही माहीत होतं. तो खूश होऊन गेला. आणि माझी तर नोकरीच त्या तीस घरांवर टांगलेली. जानेफळात माझा बाप मला "मॅनेजर" सांगत फिरत होता.

त्या रविवारच्या आदल्या शुक्रवारी दुपारी गार पडली.

दहा मिनिटं. फक्त दहा. पण बोराएवढी गार, पत्र्यावर असा आवाज की शेजारी उभ्या रमाबाईची हाक ऐकू येईना. थांबली तेव्हा मळा पांढरा होता, आणि पांढरं विरघळलं तेव्हा मळाच नव्हता. मेथीचा चिखल, पालकाच्या चिंध्या, टमाट्याचे मांडव आडवे, वांग्यावर कुणी हातोडी मारावी तसे खड्डे. जिजी वाफ्यावाफ्यातून एकटी फिरून आली. रडली नाही. तेवढ्यात अमडापूरहून निरोप आला की तिच्या बहिणीच्या घरावरचे पत्रे उडाले. शनिवारी पहाटे ती एसटीनं निघाली. जाताना म्हणाली, "जे हाय ते भर. पिशव्या तुह्यावर."

मी त्या खड्डेवाल्या वांग्यांकडे पाहिलं. उद्या तीस घरं मोजायची, आणि आज हे पाठवायचं? मी गजाननला म्हटलं, "रिक्षा काढ. धाडच्या बाजारात चल."

रमाबाई विळा खाली ठेवून म्हणाली, "काय करून राह्यली वं तू?"

"मळा वाचवून राह्यले."

"जिजी तुले सोडनार नाही, पोरी."

"जिजीला कोण सांगणार आहे?"

यावर गजाननानं प्रामाणिकपणे हात वर केला. मी त्याला गप्प केलं.

गार पट्ट्यानं पडते. कोसभर अंतरावर पानही हललेलं नव्हतं. बाजारात फ्लॉवर असा की बघत राहावं, दुधासारखा. टमाटे लालभडक, वांगी आरशासारखी. मी पोतीच्या पोती घेतली. चाळीस पिशव्या मी स्वतः भरल्या, कॉलेजात शिकले तशा. जड खाली, नाजूक वर, रंग उठून दिसेल असं. प्रत्येक पिशवीवर एक फ्लॉवर, गोल, निष्कलंक. दुपारच्या आत गजाननची रिक्षा घाट चढून बुलढाण्याला पोचली. मी विहिरीच्या कट्ट्यावर पाय सोडून बसले. मनात म्हटलं, याला म्हणतात मॅनेजर.

पहिला फोन हेडमास्तरीणबाईंचा. मला वाटलं, कौतुक.

"अगं, आज वरचं कुठे आहे?"

"काय?"

"वरचं! मी पूर्ण पिशवी रिकामी केली टेबलावर. एकालाही कीड नाही. असं कसं झालं?"

मी काहीतरी पुटपुटले. ठेवते तोच साहेबांचा. "आमची मिसेस म्हणते, पिशवी दुसऱ्याची आलीय. हा फ्लॉवर आपल्या मळ्यातला नाही. फार देखणा आहे." तिसरा फोन सिस्टरांचा, आणि त्यांचा आवाज कापत होता. "जिजी बरी आहे ना? खरं सांग. जिजी उभी असताना वरच्याशिवाय पिशवी मळ्याबाहेर पडणार नाही. काय झालंय तिला?"

इथे मी खरं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "जिजी आत्ता बोलू शकत नाही."

बस. एवढंच. पण सिस्टरांनी ते साहेबांना सांगितलं, साहेबांनी हेडबाईंना, आणि मग माझा फोन थांबेच ना. जिजीचाही फोन लोक लावत होते. तिचा मोबाइल बियाण्याच्या डब्यात असायचा, उंदीर लागू नये म्हणून घट्ट झाकणाच्या. झोपडीतून डबा गुणगुणत होता.

चार वाजता पहिली स्कूटर आली. मग दुसरी. मग मोटारसायकली, एक कार, पाठोपाठ गच्च भरलेली जीप. सिस्टरांनी बीपीचं मशीन आणलं होतं. कुणी डॉक्टरच घेऊन आलं. सगळे गारपीट झालेला मळा पाहत उभे. बांधावर देर उभा होता, गर्दी काय ते पाहायला. मी गोठ्याआड. रमाबाईनं माझा दंड धरून मला बाहेर ओढलं. "आता काऊन लपून राह्यली? मळा वाचवत होती ना?"

आणि तेवढ्यात रस्त्याच्या वळणावर जिजी दिसली. एसटीतून उतरून, काखेत गाठोडं, शर्टाच्या बाह्या वर. मळ्यात पन्नास माणसं पाहून ती पळतच आली.

"काय झालं बे? कोन गेलं?"

प्रश्न विचारला म्हणजे उत्तर द्यायला हवं, म्हणून गजानन म्हणाला, "तुमीच, जिजी."

सिस्टरांनी धावत जाऊन तिचा हात धरला. "माही नाडी काऊन पाहून राह्यली वं बिनतेलवाली?" जिजी म्हणाली. हेडबाई हसायला लागल्या आणि हसता हसता त्यांना रडूच फुटलं. "पिशवीत वरचं नव्हतं हो जिजी! आम्हाला वाटलं..."

जिजी वळली. तिनं फक्त माझ्याकडे पाहिलं.

मी सांगितलं सगळं. मोठ्यानं, पन्नास लोकांपुढे. "भाजी बाजारातली आहे. मी आणली. जिजीला माहीत नव्हतं. आपलं सगळं गारीनं फुटलं, मला ते दाखवायची लाज वाटली. उद्या तुम्ही सोडून गेलात तर मळा जातो, म्हणून केलं. फोनवरही खोटं बोलले."

बांधावरून देराचा आवाज आला, "झालं, वैनी. पेरतो आता सोयाबीन."

जिजीनं टमाट्याचं रिकामं कॅरेट उचललं, उपडं केलं, माझ्यापुढे आदळलं. "चढ ह्याच्यावर."

मी चढले. तिनं खिशातून शिट्टी काढली आणि अशी वाजवली की विहिरीतली कबुतरं उडाली.

"पाहा!" ती म्हणाली. "हे यंदाचं वरचं. नीट पाहून घ्या, किडलेलं हाय. म्या झाकलं नाही. खाली सारं चांगलं हाय. ज्याले चालते त्यानं राहा. नाही चालत त्यानं रामराम करा, मले राग नाही."

मी कॅरेटवर, वांग्यासारखी. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगते, मला वाटलं की कुणीतरी मला पहिल्यांदा सरळ धरलंय, किडका भाग वर करून, आणि तरी पिशवीबाहेर फेकलेलं नाही.

दोडकेवाले साहेब पुढे आले. म्हणाले, "जिजी, खाली म्हणजे काय आहे पण? सगळं तर झोपलंय."

"मातीखालचं गारीले दिसत नाही, साहेब!" ती ओरडली, आणि गाजराच्या वाफ्यात गुडघ्यावर बसून तिनं पहिलं गाजर उपटलं. लाल, हातभर लांब, मातीनं माखलेलं. शिट्टी पुन्हा वाजली. आणि मग काय सांगू! हेडबाई चिखलात. सिस्टर चिखलात. साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत काळी. मुळे, बीट, गाजरं निघत होती आणि दरवेळी कुणीतरी किंचाळत होतं, "हे बघा केवढं!" पिशव्या कुणी आणल्या नव्हत्या. हेल्मेट भरली, ओढण्या भरल्या, बीपीच्या मशीनच्या पेटीत दोन बीट गेले. साहेब तिथूनच ओरडले, "माझं घर पुढच्या हंगामाला धरा! पण तो बाजारचा फ्लॉवर परत न्या."

"आमचंही!" "आमचंही धरा!"

रमाबाई मोजायला लागली. हातांची बोटं संपली, मग चपला काढून पायांची संपली. वीस. तिनं गजाननचा एक हात ओढला, पाच बोटं दुमडली. दुसरा ओढला. "सव्वीस... सत्तावीस..." सगळे उपटायचे थांबले. "अठ्ठावीस... एकोनतीस..." गजाननची करंगळी तेवढी सरळ उभी राहिली. तेव्हा जीपमागून तो डॉक्टर, ज्याला नुसतं रुग्ण तपासायला आणलं होतं, चाचरत म्हणाला, "नवीन घर चालेल का?"

जिजी त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. "दोडक्याच्या शिरांचं काय करता?"

डॉक्टर गोंधळला. "म्हणजे... आई चटणी करते."

रमाबाईनं गजाननची करंगळी इतक्या जोरात दुमडली की तो ओरडला. देर बांधावरून खाली उतरला आणि मुकाट्यानं एक गाजर उचलून, पुसून, खात घरी गेला. रविवारी राहिलेल्या घरांतली बहुतेक आलीच, पण ते आता मोजायचं काम नव्हतं. मला शिक्षा झाली. महिनाभर फक्त कोथिंबिरीच्या जुड्या. प्रत्येक जुडी जिजी झटकून बघायची.

पुढे तीन वर्षं मी तिथे होते. आता जानेफळला बापाच्या घरामागे दीड एकराचा माझा स्वतःचा मळा आहे, मेहकरातली बावीस घरं आहेत. बापानं विहिरीचा कठडा स्वतः बांधला. जिजीला आता चालवत नाही, ती खाटेवरून रमाबाईला सूचना देते.

माझी पहिली तोड झाली तेव्हा पहिली पिशवी मी बुलढाण्याच्या एसटीत कंडक्टरच्या हाती दिली, पुढे गजानन घेऊन जाणार होता. भरताना माझा बाप शेजारी उभा होता. मी सगळ्यात वर ठेवायला वांगं शोधत होते, वाकडं, अळीनं देठापाशी भोक पाडलेलं. तो म्हणाला, "अवं, गुरूले असं देतेत का?" मी म्हटलं, "तिलेच असं देतेत." भोक वर केलं.

संध्याकाळी तीनच बाया निंदत होत्या आणि माझा फोन वाजला. नंबर जिजीचा. म्हणजे मोबाइल बियाण्याच्या डब्यातून बाहेर आला होता. मी "हॅलो जिजी" म्हटलं. नुसता श्वास, मग खाट करकरली.

आणि मग फोनमधून शिट्टी वाजली. लांब, खरखरीत, कान फाटेल अशी. वाफ्यातल्या तिन्ही बाया विळे टाकून पळत आल्या.

"काय झालं वं? काय झालं?"

"या," मी म्हटलं, "पाहा," आणि फोन त्यांच्यापुढे धरला.